मिठाची पोती आणि नावाची पाटी

संभाजीनगरात राहणाऱ्याच्या नशिबी एक काम कायमचं लिहिलेलं असतं. पाहुणे आले की त्यांना वेरूळला न्यायचं आणि वाटेत किल्ला दाखवायचा. शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. हा किल्ला मी किती वेळा चढलो याची मोजदाद नाही. अलीकडे खंदकाच्या पुलापाशी बसून राहतो आणि गुडघे शाबूत असलेल्यांना वर धाडतो. पूर्वी पाहुण्यांचा पहिला प्रश्न असायचा, "वर जायला किती वेळ लागतो?" आता असतो, "याला देवगिरी म्हणायचं की दौलताबाद?" उत्तराची वाट न बघता गाडीतच दोन तट पडतात. मागच्या दिवाळीत माझा मेहुणा आणि त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा तिकीटखिडकीपासून भांडत निघाले ते महाकोटाचे दरवाजे ओलांडेपर्यंत भांडतच होते. चाँदमिनाराकडे दोघांपैकी एकानेही मान वर करून पाहिलं नाही.

या वादात माझं म्हणणं काय ते आधीच सांगून टाकतो. नाव देवगिरी करायचं असेल तर खुशाल करा, माझी हरकत नाही. पण त्यासाठी दिलं जाणारं कारण मला साफ नामंजूर आहे. हा किल्ला खरा यादवांचा, नंतरची सहाशे-साडेसहाशे वर्षं म्हणजे त्यावर साचलेला मळ, आणि पाटी बदलली की मळ धुतला जाईल, असं ते कारण आहे. 'दौलताबाद' हाच या जागेचा अस्सल चेहरा, असं सांगणारेही मला तितकेच अर्धवट वाटतात. भांडण पाटीवर अडकल्यामुळे या किल्ल्याने विचारलेला एकमेव मोठा प्रश्न बाजूला पडला आहे. एवढा अभेद्य किल्ला असूनही राज्य गेलं कसं?

नामांतरवाल्यांची बाजू आधी घेऊ, कारण ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. भिल्लम पाचव्याने इथे राजधानी केली ती 1187 च्या सुमारास. मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इकडे हलवली 1327 साली. म्हणजे देवगिरी हे नाव आधीचं, यात वाद नाही. ते नुसतं आधीचं नाही, मराठीच्या जडणघडणीशी जोडलेलं आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या राजाचा गौरवाने उल्लेख येतो तो रामचंद्र इथलाच, हेमाद्री पंडित इथलाच, आणि महानुभावांच्या लीळांमध्ये पुन्हा पुन्हा येणारं 'कटक देवगिरी' तेही हेच. त्यातून इथे जे झालं ते सौम्य नव्हतं. 1318 मध्ये मुबारक खलजीने शेवटचा यादव हरपाळदेव याला हाल करून मारलं आणि त्याच साली मोठी मशीद उभी राहिली. तिचे शंभराहून अधिक खांब जवळ जाऊन बघा. घडण सरळ मंदिराची आहे. कुठे वेलबुट्टी, कुठे घासून गेलेली आकृती, आणि उंची जुळवायला एकावर एक चढवलेले तुकडे. त्या खांबावर हात ठेवून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्याशी इतिहासाबद्दल काय बोलणार?

शिवाय गडांची नावं बदलणं ही आपली परंपराच आहे, हा त्यांचा बिनतोड मुद्दा. रायरीचा रायगड झाला, खेळण्याचा विशाळगड झाला, मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. शिवाजी महाराजांनी जे केलं ते आम्ही केलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं काहीच नाही. फक्त क्रम बघा. महाराजांनी आधी गड बांधले, तट चढवले, टाकी खोदली, सदर-अंबरखाने उभे केले. नाव त्या कामाच्या मागून आलं. आणि मागून येऊनही प्रत्येक वेळी टिकलं असं नाही. तोरण्याला महाराजांनी प्रचंडगड म्हटलं, पण आजही ट्रेकिंगला निघालेली पोरं 'तोरण्याला जातो' असंच म्हणतात. खुद्द महाराजांनी दिलेलं नावही लोकांच्या तोंडी बसलं नाही, तिथे सरकारी अध्यादेश कोणत्या झाडाचा पाला? उलट बाजूने बघा. देवगिरी हे नाव जगायला कुणाच्या अध्यादेशाची गरज पडली नाही. निजामशाहीच्या अमदानीत जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते. पैठणहून एकनाथ त्यांच्याकडे आले, आणि हिशेबातली एका पैची चूक रात्रभर जागून शोधल्याची गोष्ट इथलीच. पण वारकऱ्यांच्या कथांमध्ये नाथ 'दौलताबादला' जात नाहीत, देवगिरीलाच जातात. आमची मुंबईची गाडी कित्येक वर्षं देवगिरी एक्स्प्रेसच आहे, आणि ती ज्या रुळांवरून धावते तिथल्या छोट्या स्टेशनचं नाव दौलताबाद. यात कुणालाही कधी विसंगती दिसली नाही.

याहून गंमत पुढे आहे. राजधानीचा खटाटोप होऊन पंधरा वर्षं उलटली असताना इब्न बतूता इथे येऊन गेला. तो लिहितो की या शहराचे तीन भाग आहेत. सुलतान आणि त्याचं सैन्य राहतं ते दौलताबाद, दुसरा भाग कटक, आणि तिसरा म्हणजे बालेकिल्ला, ज्याला म्हणतात 'दुवैगीर'. म्हणजे देवगिरी! खुद्द तुघलकाच्या पदरी असलेला परदेशी प्रवासी, तुघलक जिवंत असताना, दोन्ही नावं एका दमात घेतो, आणि महानुभावांचं 'कटक'ही त्यांच्या मधोमध बसलेलं असतं. शहर दौलताबाद, डोंगर देवगिरी. आपण एकविसाव्या शतकात ज्यावरून डोकी फोडतो, तो प्रश्न चौदाव्या शतकातल्या माणसाला प्रश्नच वाटला नव्हता. (याच किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजरांहून मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना भितात, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. ही एवढी एक गोष्ट गाइडमंडळींच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे.)

आता दुसरा तट. 'नाव बदलून इतिहास बदलत नाही' हे त्यांचं वाक्य खरं आहे. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, पेशवे, निजाम असे थरावर थर इथे आहेत आणि त्यातला एकच खरवडून काढता येणार नाही, हेही खरं. माझी तक्रार पुढच्या पायरीवर आहे. थर म्हणता म्हणता हे लोक त्या थरांमधलं रक्त पुसून टाकतात. जणू इथे सगळे मिळून मिसळून पाण्याचे हौद बांधत होते! 'दौलताबाद' या नावामागे संगमाचा सोहळा नव्हता, सुलतानाचं फर्मान होतं, आणि त्या फर्मानाने दिल्लीची माणसं घरदार सोडून दक्षिणेकडे चालवली गेली. इसामी नावाचा कवी त्यांत पोरवयाचा होता. त्याचे नव्वदीतले आजोबा वाटेतच गेले. पुढे याच दौलताबादेत बसून, 1350 च्या सुमारास, इसामीने पहिल्या बहमनी सुलतानासाठी फारसीत इतिहासकाव्य लिहिलं, आणि त्यात तुघलकाला यथेच्छ शिव्या घातल्या. दौलताबाद या नावाचा पहिला बळी दिल्लीचा मुसलमान होता, हे ना इकडचे सांगतात ना तिकडचे.

आणि इसामीशिवाय आपलंही चालत नाही. 1296 मध्ये अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला तेव्हा लासूरजवळ कान्हा नावाच्या यादव सरदाराने त्याला अडवलं आणि त्याच्या बरोबर दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या, ही हकिगत इसामीने दिली आहे. मनमाडहून संभाजीनगरला येताना लागतं तेच हे लासूर. यादवांच्या बाजूने लढलेल्या त्या दोघींची आठवण जपली कुणी? तुघलकाने दौलताबादला हाकलून आणलेल्या माणसाने. आता सांगा, दौलताबादचा थर मळ म्हणून धुऊन काढला, तर त्याबरोबर काय काय वाहून जाईल?

किल्ल्याच्या दगडातही हीच गुंतागुंत आहे. अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे तट ओलांडून आलं की खंदक लागतो. साधा खणलेला नव्हे, अख्ख्या खडकात कोरलेला. त्याच्या पलीकडे डोंगराचा कडा भिंतीसारखा उभा तासून काढलेला, घोरपडीलाही नखं रोवायला जागा नाही असा. आत शिरायला अरुंद पूल. त्यापुढे अंधारी, म्हणजे खडकाच्या पोटातून वर चढत जाणारा भुयारी जिना. मशाल विझली की स्वतःचा हात दिसत नाही. पायऱ्या मुद्दाम कमी-जास्त उंचीच्या, त्यामुळे पाय अंदाज घेत राहतो आणि दर चौथ्या पायरीला चुकतो. वटवाघळांचा वास नाकात बसतो तो वेरूळपर्यंत जात नाही. वर तोंडाशी लोखंडी झाकण टाकायची सोय. त्यावर आग पेटवली की सगळं भुयार धुराने भरणार. हे सगळं कुणाचं? यादवांनी किती कोरलं आणि नंतरच्यांनी किती, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. इब्न बतूता आला तेव्हा वर जायला कातड्याची शिडी होती आणि रात्री ती ओढून घेत, असं त्याने लिहिलंय. बाहेरचा तट मलिक अंबरच्या नावाने ओळखला जातो, वरची बारादरी शाहजहानच्या काळातली, मेंढातोफ औरंगजेबाच्या. ज्या किल्ल्याचा कडा नेमका कुणी तासला हे तज्ज्ञांनाही ठरवता येत नाही, त्याचा सातबारा कुणा एकाच्या नावावर कसा चढवायचा?

आणि जाधवांचं काय करायचं? सिंदखेडच्या जाधवांचं घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांचं वंशज म्हणवतं. 1629 मध्ये याच किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी लखुजी जाधवरावांना मुलांसह कापून काढलं गेलं. जिजाऊंचे वडील, पूर्वजांच्या राजधानीत. पुढे चारच वर्षांनी मोगल सरदार महाबतखान हाच किल्ला घ्यायला आला, तेव्हा विजापूरच्या सरदारांबरोबर शहाजीराजे वेढ्याबाहेरून मोगलांना सतावत होते. सासऱ्यांचं रक्त जिथे सांडलं तो किल्ला मोगलांच्या हाती जाऊ नये म्हणून जावई घोड्यावर. या प्रसंगावर देवगिरीची पाटी लावा नाहीतर दौलताबादची, दोन्ही अपुऱ्याच पडतात.

आता मूळ प्रश्न. पुलापाशी बसलो की शाळांच्या सहली दिसतात. एकदा सहावी-सातवीतल्या एका पोराने गाइडला विचारलं, "एवढा भारी किल्ला होता, मग हरले कसे?" गाइड म्हणाला, "फितुरी, बाळा," आणि पुढे चालू लागला. त्याला दोष देत नाही. आपलंही सगळ्यांचं उत्तर तेच असतं. फितुरी हा आपला जालीम चूर्ण आहे, कुठल्याही पराभवावर चालतो. पण 1296 ला तो लागू पडत नाही. अलाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता, उत्तरेत प्रयागजवळच्या कडा या गावी सुभेदार होता. चुलत्याशी बिनसलंय, दक्षिणेत कुठे चाकरी शोधायला चाललोय, अशी हूल उठवत तो विंध्य उतरून थेट देवगिरीच्या दारात आला. यादवांचं मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होतं. रामदेवराय किल्ल्यात शिरला. घाईत पोती आत ओढली गेली, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची. उघडून पाहिली तर धान्य नाही, मीठ! ही गोष्ट फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने तीनशे वर्षांनी लिहिली आहे, तेव्हा पोत्यांची शपथ कुणी घेऊ नये. पण बाकीचा घटनाक्रम तिच्याशी जुळतो. शंकरदेव परतला, लढला, जवळजवळ जिंकलाही. तेवढ्यात मागे ठेवलेली शत्रूची छोटी तुकडी धूळ उडवत आली आणि दिल्लीची मोठी फौज पोचली असं समजून यादवांचे लोक फुटले. यात फितूर कोण? हेरांनी खबर आणली नाही, कोठार कुणी तपासलं नाही, आणि धुळीच्या लोटात किती घोडे आहेत हे कुणी मोजलं नाही. यात खलनायक नाही, गलथानपणा आहे. म्हणूनच गोष्ट सांगायला अवघड जाते.

पुढेही हाच कित्ता आहे. 1347 मध्ये बंडखोर अमीर बालेकिल्ल्यात बसले आणि त्यांना वेढायला स्वतः मुहम्मद तुघलक आला. ज्याने शहराला नाव दिलं त्यालाच इथला बालेकिल्ला दाद देईना. गुजरातेत बंड उठलं म्हणून त्याला निघून जावं लागलं आणि त्याच बंडातून बहमनी राज्य जन्मलं. 1633 मध्ये महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले, पण वरचा किल्ला पडला तो दाणागोटा संपल्यावर, मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने पैसा आणि सुटकेचं वचन घेऊन किल्ल्या हवाली केल्या तेव्हा. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो पेशव्यांकडे आला तोही तहात, आणि पानिपतानंतर राहिला नाही. तासलेला कडा कुणी चढून आलं नाही. कडा कधी हरलाच नाही. हरली ती प्रत्येक वेळी कड्यामागची व्यवस्था.

पानिपताचं नाव आलंच आहे तर विचारतो. पानिपतावर आपण इतके हरलो की महाराष्ट्रात क्वचितच एखादं जुनं घराणं त्यातून सुटलं. पण ते नाव आपण पुसलं का? उलट भाषेत मुरवून घेतलं. परीक्षेत पोरगं आपटलं, निवडणुकीत पक्ष झोपला, धंद्यात दिवाळं निघालं, की आपण म्हणतो 'पानिपत झालं'. 'ध चा मा' तसाच, 'गड आला पण सिंह गेला' तसंच. अडीचशे वर्षांहून जुना पराभव रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. आणि देवगिरी? तिथे एका लढाईत हार झाली एवढंच नव्हतं. वीस-बावीस वर्षांत मराठी मुलखातलं एक आख्खं राज्य नाहीसं झालं. त्यावरून मराठीत एक वाक्प्रचार सांगा. मला आठवत नाही. 1296 म्हटलं की मराठी माणसाला आळंदीची समाधी आठवते, आणि ते योग्यच आहे, पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला देवगिरीत काय घडलं हे त्याच्या जिभेवर नाही. 'मिठाची पोती भरली' ही म्हण व्हायला काय कमी होतं? आजच्या किती प्रकल्पांना ती चपखल बसली असती!

म्हणून पाटी बदलली तरी दौलताबाद हे नाव मला बोलण्यात हवं आहे. तुघलकाच्या प्रेमापोटी नव्हे, पानिपत हे नाव हवं असतं तसं. पराभवाची खूण आहे ती. यावर कुणी म्हणेल, पराभवाचं नाव रोज का मिरवायचं, लहान मुलांना विजय शिकवा. बरं. पण 2025 मध्ये ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचं लष्करी भूदृश्य म्हणून जागा मिळाली, त्यात तमिळनाडूतलं जिंजीही आहे. मराठ्यांनी ते बांधलेलं नाही. महाराजांनी 1677 मध्ये ते घेतलं, डागडुजी करून मजबूत केलं, आणि वीस वर्षांनी राजाराम महाराजांना तिथूनच निसटावं लागलं, मग ते मोगलांकडे गेलं. नाव जिंजीच राहिलं. आपला अभिमान त्यामुळे तसूभर कमी झाला का?

आमच्याकडे पाटीवर जेवढी शाई सांडली त्याच्या दहाव्या हिश्शाने पुलापाशी एक धड माहितीफलक झाला असता. पाणी वर कसं चढवलं, हत्ती हौद कशाने भरायचा, अंबरकोटाच्या आत एकेकाळी केवढं शहर होतं, हे पाहुण्याला सांगणारं कुणी भेटत नाही. भेटतात त्या खंदकातल्या मगरी आणि उकळतं तेल. वेरूळकडे जाणाऱ्या गाड्या जुन्या दरवाजातून अंग चोरत, हॉर्न वाजवत निघतात, आणि आपण तटबंदी ओलांडली हेही आतल्यांना कळत नाही. शेजारच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचं काम पिढ्यान् पिढ्या होत आलं, तिकडे तर गाडी वळतच नाही. पाटी कोणतीही लावा, पण ज्याला तिच्यापलीकडचं काही बघायचं आहे त्याच्यासाठी सोय काय केली?

मागच्या दिवाळीला मी त्या दोघांना वर पाठवलं ते मिठाच्या पोत्यांची गोष्ट सांगून. दीड तासाने खाली आले. भाचा अजून नावावरच होता, फोनवर कुणाला तरी पटवून देत होता. मेहुणा घामाघूम होऊन माझ्या शेजारी कठड्यावर टेकला, खंदकात बघत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काय हो, एकाही माणसाला एक पोतं उसवून बघावंसं वाटलं नसेल?"

मी त्याच्यापुढे पाण्याची बाटली केली.